तक्त्यात नसलेली भाकरी

आमच्या घरात ताईचा विषय निघाला की अजूनही आवाज खाली येतात, आणि त्यात माझं नाव आलं की ते वर जातात. मंगलने ताईचं ठरत आलेलं लग्न मोडलं, हे वाक्य मी लग्नकार्यात, तेराव्याला, वास्तुशांतीला, कुठे कुठे ऐकलं आहे. ऐकवणारे बहुतेक वेळा माझ्याच घरचा चहा पीत ऐकवतात. आज मार्केट यार्डात माझा स्वतःचा गाळा आहे, कोणाच्या मेहरबानीने नाही, आणि तिथे भले भले व्यापारी माझ्याशी बोलताना जपून बोलतात. नातेवाइकांना तेवढी गरज वाटत नाही. म्हणून त्या वर्षी काय झालं ते एकदा माझ्या बाजूने लिहून ठेवते. ज्यांना भाव पटणार नाही त्यांनी पुढच्या गाळ्यावर जावं.

आमचं घर मखमलाबादच्या रस्त्याला, तेव्हा नाशिक जिथे संपायचं त्याच्या थोडं पुढे. घरापुढे मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि मागे कांद्याची चाळ, म्हणजे लाकडी फळ्यांची, खालून वारा खेळेल अशी लांबट साठवण. माझे वडील, अण्णा, उन्हाळ्यात आईच्या माहेराहून, देवळ्याकडून, कांदा आणून चाळीत भरायचे आणि दिवाळीच्या तोंडावर विकायचे. वाऱ्याने कांद्याच्या साली रात्रंदिवस सळसळत असायच्या. पाहुण्यांना त्या आवाजाने झोप लागायची नाही, आम्हाला त्याच्याशिवाय लागायची नाही. सकाळी त्या सळसळीत आईच्या भाकरीचे थापटे मिसळायचे. आई कळण्याची भाकरी करायची, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून, मीठ पिठातच घालून. गरम भाकरीवर तेलाची धार, शेंगदाण्याची लाल चटणी, बाजूला हाताने फोडलेला कांदा. वर घट्ट वरण किंवा मटकी, आणि वाफ्यातली जी भाजी जुडीत बसली नाही ती परतून. त्या घरात सगळ्यात मनापासून जेवायची ती ताई.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अंगाने भरलेली होती, हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ते भरलेपण कामाचं होतं. कोथिंबिरीचं भरलेलं क्रेट ती एकटी उचलून टेम्पोत टाकायची, आणि टेम्पोवाला म्हणायचा, "ताई, तुम्ही नाय आल्या की आपली कंबर जाते." ती हसायची तेव्हा खांदे हलायचे. मला ते हलणारे खांदे फार आवडायचे.

मुलाकडचे पहिल्यांदा आले ते उन्हाळ्यात. स्थळ मामीने आणलं होतं. मामी म्हणजे आईच्या धाकट्या भावाची बायको, मामा सातपूरच्या एका कारखान्यात होता आणि मुलगा त्याच कारखान्यात सुपरवायझर. मुलगा गप्प होता. त्याची आई गोड बोलायची. सगळं झाल्यावर उठता उठता ती म्हणाली, "मुलगी आम्हाला पसंत आहे हो. थोडं अंग उतरलं तर जोडा शोभेल एवढंच. घाई नाही, दसऱ्यानंतर पुन्हा येऊ." अण्णांनी मान डोलावली. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. भाव सांगायचा नाही, माल सोडायचा नाही, आणि मधल्या काळात दुसऱ्याला घाम फोडायचा, अशी गिऱ्हाइकं मी आता रोज बघते.

पुढच्याच आठवड्यात मामी एक छापील तक्ता घेऊन आली. कॉलेज रोडला वजन उतरवण्याचं एक सेंटर निघालं होतं, तिथे ती जायची आणि तिचं वजन खरंच उतरलं होतं. तक्त्यात एका बाजूला पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला त्याचे कॅलरीचे आकडे. दिवसाचा एक आकडा ठरला. तो इतका कमी होता की मी तो इथे लिहीत नाही. कोणीतरी खरा मानून घेईल.

"वन्सं, काही अवघड नाही," मामी आईला म्हणाली. "याच्यातलं काहीही खा. बेरीज आकड्याच्या वर गेली नाही पाहिजे, बास."

आईला वाचता कमी यायचं. तिने मला विचारलं, "कळण्याची भाकरी कुठं हाय बघ त्यात."

मी वरून खाली बोट फिरवलं. पाव होता, टोस्ट होता, बिस्किट, जॅम, सफरचंद, साय काढलेलं दूध, गव्हाची पोळी. तो तक्ता कुठल्यातरी शहरातल्या माणसाने आपल्या स्वयंपाकघराकडे बघून केला होता. त्यात बाजरी नव्हती, नागली नव्हती, कळणा नव्हता, मटकी नव्हती. पालेभाजीपुढे लिहिलं होतं, तेलानुसार. ते तेल कसं मोजायचं ते कोणालाच कळेना.

"नाही ना? मग नाही खायची," मामी म्हणाली. "ज्याचा आकडा माहीत नाही ते पोटात गेलं की सगळा हिशेब चुकतो."

हे अण्णांना ताबडतोब पटलं. माणूस आयुष्यभर वजनाकाट्याशेजारी बसलेला, आकडा नसलेल्या गोष्टीचा त्याला मुळात राग. दुसऱ्या दिवशी ते शहरातून टोस्टची, बिस्किटांची आणि जॅमची पिशवी घेऊन आले. दारापुढे हात लावीन तिथे मेथी, पालक, शेपू, आणि आमच्या घरची मुलगी सकाळ-संध्याकाळ मोजून टोस्ट खायला बसली. आई लसूण-मिरची तोलायच्या छोट्या तराजूत बिस्किटं तोलायची. मला पहिल्या दिवशी हसू आलं. ताईलाही आलं. "मंगे, माझं बघ, मी आता दुकानातली झाले," ती म्हणाली.

दर शनिवारी तिचं वजन व्हायचं. घरात वेगळा काटा नव्हता, त्यामुळे चाळीसमोर कांद्याची पोती तोलायचा जो लोखंडी काटा होता त्यावर ती चढायची. अण्णा वजनं लावायचे, तोलाई करणारे हमाल बाजूला तोंड फिरवून बिडी ओढायचे, आणि जुड्या बांधणाऱ्या बाया वाकून बघायच्या. पहिल्या महिन्यात काटा भराभर खाली आला. अण्णा खूश. आईने देवापुढे साखर ठेवली, ताईला मात्र ती दिली नाही, साखरेचा आकडा होता. बाया म्हणाल्या, "चेहरा निघाला बरं का पोरीचा." मलाही तेव्हा ते खरं वाटलं.

आता कांद्याचं एक सांगते, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. चाळीतला कांदा पावसाळाभर वजनाने कमी होतो. त्याला आम्ही घट म्हणतो. कांद्यातलं पाणी सुकून वजन उतरलं तर कांदा कडक होतो, सालीला रंग चढतो, भाव येतो. ती घट चांगली. पण आतून सडला तरी वजन उतरतंच. काट्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून अण्णा कधी नुसत्या काट्यावर पोतं घ्यायचे नाहीत. ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, कांदा दाबायचे, देठाशी अंगठा रोवायचे, वास घ्यायचे. सगळ्या बाजारात त्यांचा हात प्रसिद्ध होता. एवढा शहाणा हात त्या सहा महिन्यांत एकदाही ताईच्या दंडाला लागला नाही, हे मी त्यांना माफ केलेलं नाही. ते गेले, तरी नाही.

श्रावणात न्हाणीघराची मोरी तुंबली. मी काठीने उपसली तर त्यात ताईचे केस निघाले, उंदराएवढा गोळा. मी तो तिला दाखवला नाही. ती माझ्या शेजारी झोपायची, आणि भर दमट हवेत तिचे पाय गार लागायचे. ती पायात लोकरी मोजे घालू लागली. पाळी थांबली. आई म्हणाली, "अशक्तपणा असंल, लग्न झालं की येईल." क्रेट उचलायला ती यायचीच, पण उचलून झाल्यावर टेम्पोला धरून उभी राहायची, डोळे मिटून, आणि टेम्पोवाला आता काही बोलायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिचे ओठ. ती काही करत असो, भांडी घासत असो, जुडी बांधत असो, ओठ हलत असायचे. आधी मला वाटलं स्तोत्र म्हणते आहे. ती बेरीज करत होती.

दसऱ्याच्या आधी आम्ही चाळ फोडली, म्हणजे साठवलेला कांदा बाहेर काढायला घेतला. मी एक पोतं काट्यावर ओढलं, ते हलकं भरलं. वरचे कांदे चकचकीत होते. मी हात घातला तर बोटं गिळगिळीत काळ्यात बुडाली. तो वास नाकात बसला की जेवताना पण जात नाही. मी हात तसाच घेऊन अण्णांकडे गेले.

"अण्णा, हे पोतं लय हलकं झालंय. चांगलं झालं ना?"

"चांगलं कसलं, येडे. आतून सडलंय ते."

"मग ताई?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. वजनं खाली ठेवून ते म्हणाले, "एकदा ठरू दे. मग खाईल ना काय खायचं ते. आपण काय बांधून ठेवलंय का तिला?"

"मोजे घालून झोपते ती अण्णा."

"तुझं काम कर."

मग दसरा झाला आणि ते लोक आले. ताईने साडी नेसली होती, पोलक्याच्या बाह्या आईने दोनदा आत घेतल्या होत्या. पोह्यांचा ट्रे तिने आणला तो मी अर्ध्यात धरला, कारण त्यातले चमचे वाजत होते. मुलाच्या आईने ताईला शेजारी बसवलं, तिचं मनगट आपल्या दोन बोटांत धरलं. बोटं सहज जुळली.

"आता कसं. सुटसुटीत दिसतेय अगदी," ती म्हणाली. "लग्नापर्यंत एवढं राखा. आणखी थोडं गेलं तरी हरकत नाही, फोटोत बरं दिसतं."

"जाईल की," मामी म्हणाली. "आता सवयच झालीय तिला."

"किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"आणखी किती कमी पाहिजे ते सांगा. आमच्याकडं सौदा एकदाच होतो. गाडी भरल्यावर कोणी पुन्हा कापत नाही."

"मंगल, आत जा," अण्णा म्हणाले.

"जाते. आधी यांनी सांगू द्या. आणि उद्या तुमच्याकडं आल्यावर ती पोटभर जेवली, तर ठेवणार का परत आणून घालणार?"

मुलगा आपल्या बुटांकडे बघत होता. तो चांगला असेलही, मला माहीत नाही, त्याने तोंड उघडलं असतं तर कळलं असतं. त्याच्या आईने ताईचं मनगट सोडलं आणि कप खाली ठेवला.

"मोठीला बघायला आलो होतो," ती म्हणाली, "धाकटीची जीभ बघून झाली."

"जीभ तरी पोटभर जेवलेली हाय," मी म्हटलं.

ते गेले. अण्णांनी मला मारलं, ते आईने बघितलं आणि ती मध्ये आली नाही. मामी म्हणाली, या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि दिवाळीला फराळाला आली. या सगळ्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटत होतं, आता ताई सुटली. मी तिच्याकडे गेले तर ती साडीची घडी घालत होती.

"मला विचारलं होतंस?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मी एवढं केलं, मंगे. एक दिवस चुकले नाही मी. कोणासाठी घालवलंस तू ते?"

मग तिने डबा उघडला, दोन टोस्ट काढले, क्षणभर विचार केला, आणि एक परत ठेवला. तेव्हा मला भीती वाटली, अशी आयुष्यात पुन्हा वाटली नाही. पाहुणे गेले होते, स्थळ गेलं होतं, पण आकडा घरातच राहिला होता. आणि आता तर त्याला दसऱ्याची मुदतसुद्धा नव्हती.

दिवाळी संपली आणि ताई वाफ्यात पडली. चक्कर म्हणावी तर लगेच उठायला हवी होती, ती उठली नाही. अण्णांनी तिला उचललं. टेम्पोपर्यंत ते ताठ चालत गेले, एवढी ती हलकी होती, आणि त्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला. पोत्यात हात घातल्यावर कळतं तसा तो चेहरा होता.

पंचवटीतल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, रक्त घेतलं, आणि आम्हाला बाहेर बोलावलं. "वजन उतरवायचं होतं ना? उतरलंय," ते म्हणाले. "पण काय उतरलं ते कोणी बघितलं का? डाळ नाही, भाजी नाही, अंडं नाही, नुसता टोस्ट. अंगाने स्वतःलाच खायला सुरुवात केली. रक्त नाही तिच्यात. नाडी बघा कशी चालते. आणखी महिनाभर हे चाललं असतं तर तुम्ही माझ्याकडे आला नसता." मग त्यांनी अण्णांचा धंदा विचारला. अण्णांनी सांगितला. डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली. निघताना एवढंच म्हणाले, "तिला बारीक व्हायचं असेल तर होऊ द्या, पण भाकरी खाऊन. वेळ लागेल. चोरून नेल्यासारखं जे भराभर जातं ती चरबी नसते."

घरी आणल्यावर आईने कळण्याची भाकरी केली, चटणी वाटली, मटकी केली, वर दही. ताट ताईपुढे ठेवून ती बाजूला झाली, कारण तिला रडू येत होतं. ताईने ताटाकडे बघितलं. तिला भूक होती. मी तिची बहीण आहे, मला तिच्या नाकपुड्या दिसत होत्या. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नको गं. याचा आकडा माहीत नाही."

"डॉक्टरांनी खायला सांगितलंय."

"सांगितलं असेल. आकडा नाही सांगितला."

अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, "पोरी, माझ्यासाठी खा," आणि ती म्हणाली, "अण्णा, तुमच्यासाठीच नव्हते खात." मग अण्णा चाळीकडे निघून गेले आणि ताट तसंच गार होत राहिलं. आई म्हणाली, "हाई काय शे माय," रडताना तिच्या तोंडी माहेरची बोली यायची. आणि मी, सतरा वर्षांची, जिला सगळं घर तोंडाळ म्हणत होतं, ताईच्या समोर मांडी घालून बसले.

"सांगितलाय आकडा," मी म्हटलं. "मला सांगितलाय. तू आत होतीस तेव्हा विचारून घेतला मी."

"किती?"

"भाकरीचा दोन बिस्किटांएवढा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पापणी हलवली नाही. पुढे मोठमोठ्या व्यापाऱ्यांसमोर मी तशी बसले आहे, पण तेवढा कठीण सौदा मला पुन्हा लागला नाही.

"एवढी मोठी भाकरी, आणि दोनच?"

"उडीद असतो ना त्यात. उडदाचा कमी धरतात."

"आणि मटकी?"

"भिजवलेली असली की अर्धाच."

"शेंगदाण्याची चटणी तर जास्त असणार."

"जास्त आहे. चमचाभराला एक टोस्ट. मी फुकट सांगत नाहीये तुला काही."

त्या एका जास्त आकड्याने काम केलं. सगळंच स्वस्त सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. तिने चतकोर तोडला. मी म्हटलं अर्धी. ती म्हणाली चतकोरच. मी म्हटलं चतकोर आणि दही. तिचे ओठ हलले, बेरीज झाली, आणि तिने घास घेतला. ती चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिखटाने असेल, मी विचारलं नाही.

पुढे कितीतरी महिने रोज दोन्ही वेळा हा बाजार भरायचा. पालकाला, अंड्याला, ताकाला, शेवग्याच्या पाल्याला, सगळ्याला मी आकडे दिले, आणि दिलेला आकडा कधी बदलला नाही. हळूहळू तिचे केस परत आले, पाय गरम झाले, पाळी आली. वजन आधी वाढलं, मग क्रेट उचलता उचलता, पोटभर जेवून, दोन-अडीच वर्षांत आपोआप बरंच उतरलं, आणि या वेळी चेहऱ्यावर तेज ठेवून उतरलं. कडक कांद्यासारखं. तिचं लग्न झालं, सिडकोत तिचा संसार आहे, एक मुलगी आहे. नातेवाइकांच्या लेखी लग्न मात्र मीच मोडलं होतं, बाकीचं जणू हवापाण्याने झालं.

एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. ताईने ते आकडे कधी सोडले नाहीत. तिने पन्नाशी ओलांडली तरी ताटावर बसली की तिचे ओठ किंचित हलतात, आणि ती माझ्या आकड्यांनी बेरीज करते. माझ्या खोट्या आकड्यांवर माझी बहीण इतकी वर्षं जेवली. मला त्याची लाज नाही. भीती आहे. हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये असा तक्ता आहे, आणि त्यात आता सगळं आहे, बाजरी, नागली, मटकी, कळणासुद्धा. मी गाळ्यावरच्या पोरींना भाकरीचा फोटो काढून आकडा बघताना पाहते आणि आधी जेवून घ्या म्हणून ओरडते.

मागच्या रविवारी दुपारी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "मंगे, भाकरीचा आकडा तुला डॉक्टरांनीच सांगितला होता ना?"

"हो. का?"

"काही नाही. ही पोरगी महिनाभर फोनवर दाखवतेय काहीतरी." पलीकडून भाचीचा आवाज आला, "आई, मी म्हटलं ना, तिप्पट आहे." ताईने तिला गप्प केलं नाही.

"फोनमधलं काय खरं असतं," मी म्हटलं. "जेवलीस का तू?"

 मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासात मध्ये मध्ये एक बारीक थांबा, जसा बेरीज नव्याने मांडताना येतो.

"बघू," ती म्हणाली. "तशी भूक नाहीये आज."

मी गाळा पोरांवर टाकला आणि सिडकोत गेले. तिने दार उघडलं. ऑक्टोबरचं ऊन होतं, आणि तिच्या पायात लोकरी मोजे होते.